एकाच केसाची वेगवेगळी वयं : भाचीच्या स्ट्रेटनरचं प्रकरण

"मामी, केस गळतायत, रोज मूठभर निघतात, टक्कल पडणारे मला." एप्रिल २०२४ मधल्या एका रविवारी माझी भाची, म्हणजे नणंदेची मुलगी, पार्लरमध्ये येऊन खुर्चीत बसली आणि पहिलं वाक्य हे. बॅगेतून कांद्याचं तेल, बायोटिनच्या गोळ्या, असं काय काय काढून समोर ठेवलं, दोन महिन्यात यावर बराच पैसा घालवला होता पोरीने. मी डोंबिवलीत १८ वर्षं पार्लर चालवतेय आणि लांब केसांचं हे असं नुकसान दर महिन्याला एकतरी बघते, पण या एका प्रकरणात सगळं इतकं स्वच्छ दिसलं की म्हणलं हे नीट लिहून काढूया, कोणाच्या तरी उपयोगाला येईल. तिला विचारूनच लिहितेय.

आधी थोडं मागचं. मुलगी २२ वर्षांची, चिपळूणची, केस कमरेपर्यंत, मोजले तर ७८ सेंटीमीटर. मुळात लाटा असलेले, मध्यम जाडीचे, कधी रंग नाही, कधी स्मूदनिंग नाही, आजीने दर शनिवारी घरचं खोबरेल लावून वाढवलेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये नवी मुंबईत एका हॉटेलात फ्रंट डेस्कला नोकरी लागली, ऐरोलीला पीजीत राहायला लागली, आणि नोकरीची भेट म्हणून स्ट्रेटनर मीच दिला. हे सांगायलाच हवं, कारण तो पार्लरवाला होता, १३० ते २३० अंश सेल्सियसपर्यंत जाणारा, आणि देताना मी तिला एक शब्द सांगितला नाही. २३० चं सेटिंग असतं ते मुख्यतः केराटिन ट्रीटमेंट (केस बरेच दिवस सरळ, गुळगुळीत राहावेत म्हणून करतात ती) बसवताना वगैरे पार्लरमध्ये वापरतात त्यासाठी, रोज सकाळी घरी वापरायला नाही. मला वाटलं हिला माहिती असेल. तिला वाटलं जास्त आकडा म्हणजे लवकर काम.

तिची सकाळ अशी. सव्वापाचला उठायचं, आठवड्यातून तीनदा केस धुवायचे, टॉवेलने पुसायचे, पाच मिनिटं ड्रायर, की लगेच स्ट्रेटनर २३० वर, चांगली जाडजूड बट घेऊन वरपासून खालपर्यंत चारपाच वेळा फिरवायचा कारण जाड बटेत आतले केस सरळ होतच नाहीत. ज्या दिवशी धुवायची नाही त्या दिवशी हाताला थोडं खोबरेल लावून केसांवरून फिरवायची, "आजी म्हणते तेल लावलं की केस जळत नाहीत", आणि मग स्ट्रेटनर. सिरम होतं तिच्याकडे, चांगलं होतं, पण ते ती सगळं झाल्यावर चमक यायला लावायची. मी विचारलं, करताना आवाज यायचा का गं? म्हणे हो, चर्र असा, आणि वाफ यायची, मला वाटलं ती नॉर्मल आहे.

ती वाफ म्हणजेच सगळं प्रकरण आहे, त्यावर येतेच. आधी तपासणी, कारण इथे बहुतेक जणी चुकतात आणि भलत्या गोष्टीवर पैसे घालवतात.

मी पांढरा टॉवेल खांद्यावर टाकला आणि रुंद दातांच्या कंगव्याने विंचरलं. टॉवेलवर पडलेले केस एकेक करून बघितले. खरंच मुळापासून गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ असते, आणि असे केस दिवसाला ५० ते १०० सगळ्यांचेच जातात, त्याला घाबरायचं कारण नाही. हिच्या टॉवेलवर असे पुरे लांब, गाठवाले केस सातआठच होते. बाकी सगळे तुकडे! तीन सेंटीमीटर, पाच, आठ, कशालाच मूळ नाही. म्हणजे केस गळत नव्हते, तुटत होते. डोक्याच्या त्वचेवर चोळायचं तेल आणि पोटात घ्यायच्या गोळ्या यांचा इथे काही संबंधच नव्हता, कारण जे मोडत होतं ते मुळापासून हातभर लांब होतं. मग साधा शिवणाचा दोरा घेऊन पोनीचा घेर मोजला, मानेपाशी साडेनऊ सेंटीमीटर, आणि टोकाच्या एक वीतभर वर मोजला तर चार. मूळ भरलेलं आणि खाली उंदराची शेपटी. आणि ज्याला आपण फाटे फुटणं म्हणतो ते तर होतंच पण त्याशिवाय केसावर मध्येच बारीक पांढरे ठिपके होते, उवांची अंडी वाटावीत असे, ते खरं तर केस ठेचल्यासारखा होऊन तिथलं आवरण उडालेलं असतं, थोडं वाकवलं की नेमका तिथेच तुटतो. त्वचेचे डॉक्टर याला ट्रायकोरेक्सिस नोडोसा म्हणतात. खालचा एक तृतीयांश भाग उजेडात तांबूस दिसत होता, वरचे काळेभोर.

आता मला ज्याने खरं शिकवलं ते. तिच्या एकाच डोक्यावर तीन वेगवेगळे निकाल होते. मानेवरचे आतले केस, जे ती कधी घ्यायचीच नाही कारण वरचे केस पडले की ते दिसत नाहीत, ते जवळजवळ ठणठणीत, टोकाला थोडे फाटे एवढंच. डावी बाजू वाईट. आणि उजवी बाजू, खास करून कानापुढची, सगळ्यात वाईट, तिथे हनुवटीच्या उंचीवरच केस तुटून झिपऱ्या झालेल्या. स्ट्रेटनर तोच, आकडा तोच, हातही तोच, मग फरक का? मी तिला म्हणलं मला करून दाखव, बंद स्ट्रेटनर हातात घेऊन. ती रोज उजवीकडून सुरू करायची. म्हणजे उजवी बाजू स्ट्रेटनरखाली यायची तेव्हा सगळ्यात ओली असायची, आणि डावीकडे पोचेपर्यंत पंधरावीस मिनिटं झालेली, तेवढ्यात पंख्याखाली केस बरेच वाळलेले.

ओलं फडकं घेऊन गॅसवरचं पातेलं उचललंय कधी? कोरड्या फडक्याने चार सेकंद धरता येतं, ओल्याने हात लावताक्षणी चटका, कारण पाणी उष्णता झटकन आत नेतं. केसाचं तसंच आहे पण त्याहून वाईट. केस म्हणजे बाहेरून कौलांसारखी एकावर एक बसलेली खवल्यांची आवरणं आणि आत केराटिन नावाच्या प्रथिनाचे दोर. केस ओला असतो तेव्हा पाणी त्या दोरांच्या आतपर्यंत शिरलेलं असतं. त्यावर २३० अंशांच्या पट्ट्या दाबल्या की ते पाणी आतल्या आत उकळतं, वाफेला बाहेर पडायला वाट नाही, मग केसाच्या आत बुडबुडे तयार होतात, सूक्ष्मदर्शकाखाली केस अगदी जाळीदार दिसतो, त्याला बबल हेअर असंच नाव आहे. शिवाय कोरड्या केसातलं केराटिन साधारण २३० च्या पुढेमागे आपली घडण सोडतं, पण ओल्या केसात हेच १५०-१६० लाच व्हायला लागतं. म्हणजे ती चर्र आवाज ऐकत होती ना, तो पाण्याचा आवाज नव्हता नुसता, केस आतून फुटत होते.

आणि तेल? विना-रिफाइंड खोबरेल १७५ अंशांच्या आसपास धूर सोडायला लागतं. २३० वर तेल लावलेली बट धरली तर काय होईल ते तुम्हीच बघा, पीजीतली रूममेट रोज म्हणायची की खोलीत जळकट वास येतो. पण म्हणून आजी चुकीची नाही हो. आजी जे सांगते ते धुण्याआधीच्या तेलाबद्दल आहे आणि तिथे ती शंभर टक्के बरोबर आहे. मुंबईत मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये अभ्यास छापला होता, खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल तिन्ही लावून बघितली, त्यात धुताना केसातून प्रथिन निघून जाणं फक्त खोबरेलाने ठळकपणे कमी झालं, कारण खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ असल्याने केसाच्या आत शिरतं. कंपनी खोबरेल विकते हे खरं, ते लक्षात ठेवूनच वाचायचं, पण माझा इतक्या वर्षांचा हाताचा अनुभवही तेच सांगतो. तर धुण्याआधी तेल हवंच, इस्त्रीआधी अजिबात नको. आजीला फोनवर हे सांगितलं तर म्हणाल्या, "मी कुठे म्हटलं होतं तेल लावून केस भाज म्हणून!"

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे आणि लांब केसवाल्या बायकांना ते कोणी सांगत नाही. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढतो. ७८ सेंटीमीटर म्हणजे टोक साडेपाच वर्षांचं झालं. म्हणजे हिच्या केसाचं जे टोक मी हातात धरलं होतं ते ती अकरावीत असताना डोक्यातून बाहेर आलेलं, त्याने साडेपाच वर्षांचं ऊन, साडेपाच वर्षांचे शाम्पू, पीजीचं बोअरचं पाणी, एसटीच्या खिडकीतला वारा, सगळं सोसलंय, आणि त्याच केसाचं मूळ मात्र गेल्या महिन्यातलं आहे. एकच केस, पण वरून खाली वेगवेगळ्या वयाचा. खांद्यापर्यंत केस असलेल्या मुलीचं टोक दोनअडीच वर्षांचं असतं, तिला जे सेटिंग चालतं ते कमरेपर्यंतच्या टोकाला चालणार नाही. आणि आपण काय करतो, तर मुळापासून टोकापर्यंत एकच आकडा, उलट टोकं भुरभुरीत दिसतात म्हणून तिथे दोनदा जास्त फिरवतो. टोक खराब म्हणून नीट बसत नाही, बसत नाही म्हणून जास्त भाजतो, जास्त भाजलं म्हणून अजून खराब. हिशोब केला आम्ही दोघींनी बसून. आठवड्याचे सहा दिवस, चोवीस आठवडे, म्हणजे १४४ सकाळी, दर सकाळी चारपाच वेळा, म्हणजे प्रत्येक टोकावरून ती पट्टी सहाशेच्या वर वेळा फिरली होती. ती गप्पच झाली.

मग मी विचारलं, ड्युटीवर केस कसे असतात तुझे? म्हणे अंबाडा, जाळी लावून, नियमच आहे. मी थक्क झाले. म्हणजे ७८ सेंटीमीटर केस पहाटे उठून भाजायचे आणि साडेसहाला ते गुंडाळून जाळीत टाकायचे! दिसतं काय लोकांना, तर कपाळावरचे आणि टाळूवरचे पुढचे केस बसलेले आहेत की नाही एवढंच. तिला हे जाणवलंच नव्हतं कधी, पहिल्या दिवशी एका सीनियर मुलीचे सरळ केस बघितले आणि धरून बसली की असेच हवेत. यात तिची चूक मी म्हणणार नाही, नवीन गाव नवीन नोकरी, सगळ्यांसारखं दिसावंसं वाटतंच.

त्या दिवशी काय केलं ते सांगते. शास्त्राप्रमाणे बघायचं तर ३० सेंटीमीटर कापायला हवे होते. मी १४ कापले. कारण तिचे डोळे भरून आले होते, आणि केस हा नुसता केस नसतो, आजीचे इतक्या वर्षांचे शनिवार होते त्यात. पण १४ च्या खाली जाणं मला शक्य नव्हतं हे मी तिला स्पष्ट सांगितलं, फाटा एकदा फुटला की तो कुठल्याही सिरमने चिकटत नाही, केस मेलेला असतो, जखम भरते तसा तो भरत नाही, फाटा फक्त वर वर सरकत जातो. बाटलीवर रिपेअर लिहिलेलं असतं ते म्हणजे वरून थर बसवून खवले चपटे करणं, पुढच्या धुण्यापर्यंत. वाईट नाही ते, उपयोगी आहे, पण दुरुस्ती नाही. कापल्यावर पुन्हा टोकाच्या वीतभर वर घेर मोजला तर सहा सेंटीमीटर भरला. पुढच्या तीन महिन्यांसाठी स्ट्रेटनर माझ्याकडे जमा. ड्युटीसाठी ओल्या हाताने थोडं जेल, मऊ ब्रश, आणि रोज एकाच जागी रबर घट्ट न बांधता अंबाडा कधी वर कधी खाली. दहा मिनिटात तयार व्हायला लागली, पाऊण तास जास्त झोप मिळाली पोरीला.

तिने केराटिन करून टाकू का असंही विचारलं, म्हणजे रोजची कटकट नको. मी नाही म्हणाले. एक तर ते बसवायलाच पुन्हा जोरदार उष्णता लागते, आणि दुसरं, काही सोल्युशनमध्ये फॉर्मल्डिहाइड असतं आणि त्याऐवजी आलेलं ग्लायऑक्झिलिक ॲसिडही निर्धोक नाही, २०२४ मध्येच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन मध्ये एका २६ वर्षांच्या मुलीचं प्रकरण छापून आलं, तीन वेळा केस सरळ केले आणि तिन्ही वेळा किडनीला इजा झाली, तिन्ही वेळा पार्लरमध्ये डोक्याला जळजळ झालेली. मी स्वतः पार्लरवाली असून सांगतेय, हा धंदा मी आता माझ्याकडे बंद केलाय.

जुलैमध्ये चुलतबहिणीचा साखरपुडा होता, तेव्हा केस मोकळे आणि सरळ हवे होते तिला, आणि तो हट्ट अगदी रास्त होता. तेव्हा मी समोर बसवून तिच्याच हाताने करून घेतलं. केस आदल्या संध्याकाळी धुतले, सकाळी नाही, त्याआधी दोन तास खोबरेल, शाम्पू, मग कंडिशनर. टॉवेल घासायचा नाही, दाबायचा. केस दमट असतानाच हीट प्रोटेक्टंट, म्हणजे उष्णतेपासून केस वाचवायला लावतात ते, मधल्या भागापासून टोकापर्यंत, आणि कंगव्याने पसरवलं कारण जिथे लागलं नाही तिथे त्याचा उपयोगच नाही. यात बहुतेक डायमेथिकॉन, अमोडायमेथिकॉनसारखे सिलिकॉन असतात, ते केसावर पातळ थर धरतात, उष्णता एका जागी न बसता जरा हळू आणि सगळीकडे सारखी जाते, पट्टी घासत नाही. पण ते फडकंच आहे शेवटी. फडकं हातात आहे म्हणून आपण विस्तवात हात घालत नाही, तसं प्रोटेक्टंट लावलंय म्हणून २३० चालत नाही. तिचं ते जुनं सिरम वाया गेलं नाही, त्याच्या बाटलीवरही डायमेथिकॉनच होतं, फक्त ते नंतरच्या ऐवजी आधी लावलं.

मग ड्रायर, साधारण वीतभर लांबून, सतत हलवत, पूर्ण कोरडे होईपर्यंत. ड्रायर म्हणजे वाईट असं बऱ्याच जणींच्या डोक्यात असतं, पण कोरियात २०११ मध्ये एका अभ्यासात १५ सेंटीमीटर लांबून सतत हलवत वाळवलेले केस बघितले, वरच्या आवरणाला इजा झाली, पण तासन्‌तास तसेच ओले राहून वाळलेल्या केसांच्या आतल्या थराचं नुकसान उलट जास्त निघालं. पावसाळ्यात तर विचारूच नका, वरून कोरडे लागतात आणि मानेपाशी बोट घातलं की गार. गार लागलं की ओलं आहे, थांबायचं. आम्ही त्या दिवशी ड्रायर संपल्यावरही वीस मिनिटं चहा घेत थांबलो.

आणि स्ट्रेटनर, मुळापासून खांद्यापर्यंत १७० वर, एकदाच, दोन बोटांएवढी पातळ बट, पुढे कंगवा आणि मागे पट्टी, कुठेही न थांबता. खांद्याखाली आकडा १५० आणि शेवटचे चारपाच बोटं पट्टी फक्त सैल धरून सोडून द्यायची. वेळ लागतो, सगळं डोकं आधी १७० वर करून मग स्ट्रेटनर उतरू द्यायचा आणि खालचा भाग दुसऱ्या फेरीत घ्यायचा, एकाच बटेला सारखं खालीवर करत बसायचं नाही. १५० ने टोकं अगदी काचेसारखी सरळ होत नाहीत, थोडा बाक राहतो. तिला मी आरशात दाखवलं, खाली थोडा बाक असलेले केस जास्त छान दिसतात, आणि ते तिलाही पटलं. चर्र आवाज एकदाही आला नाही. गरम केस लगेच बांधायचे नाहीत हे तिला माहीत नव्हतं, केस थंड होताना जो आकार असतो तोच धरतात, म्हणून रबर लावला की तिथे घडी पडते आणि मग पुन्हा इस्त्री.

एक गोष्ट मात्र फसली. सप्टेंबरात गणपतीला चिपळूणला गेली तेव्हा सकाळी असंच सगळं नीट करून केस सरळ केले आणि आरती संपेपर्यंत केस पुन्हा लाटांचे. मला रडकुंडीला येऊन फोन. तिला वाटलं तापमान कमी ठेवलं म्हणून झालं. तसं नाहीये, स्ट्रेटनरने फक्त केसातले हायड्रोजन बंध, म्हणजे आतले कच्चे जोड, मोडून नव्याने जुळतात आणि ते पाण्याने पुन्हा सुटतात, घाम असो, पाऊस असो, कोकणातली हवा असो. २३० वर केले असते तरी त्या हवेत ते टिकले नसतेच. कायमचा आकार ज्या डायसल्फाइड बंधांमुळे असतो ते रसायनानेच तोडावे लागतात. म्हणलं त्या हवेत केसांशी भांडू नकोस, आजीला सांग वेणी घालायला. तिने सागरवेणी घालून अबोलीचा गजरा माळलेला फोटो पाठवला संध्याकाळी, आणि खरं सांगते, इतके सुंदर केस मी तिचे सहा महिन्यात बघितले नव्हते.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा दोरा काढला. जुलैत तीन सेंटीमीटर ट्रिम केले होते ते धरून लांबी ६८, टोकाच्या वीतभर वर घेर साडेसहा. पांढऱ्या टॉवेलवर विंचरलं तर तुकडे होते पण मोजण्याइतके, आणि गाठवाले लांब केस पहिल्यासारखेच सातआठ, म्हणजे गळणं तेव्हाही नॉर्मल होतं आणि आताही. यातलं किती खराब भाग कापल्यामुळे आणि किती उष्णता थांबवल्यामुळे हे मी वेगळं काढून सांगू शकत नाही, दोन्ही एकदमच केलं. कानापुढच्या उजव्या झिपऱ्या आता खांद्याला टेकल्यात, पण त्यांची टोकं अजून रखरखीत लागतात हाताला. स्ट्रेटनर तिला परत दिलाय, २३० च्या बाजूला मी नेलपेंटचा लाल ठिपका लावलाय, आणि डिसेंबरात येईल तेव्हा फक्त त्या उजव्या बाजूचे अजून दोन बोटं काढायचेत.